पऱ्यांची फासळी

सिताराला जुळं झालं त्या हिवाळ्यात दासगाहच्या कड्यावर गोरा शिकारी आला. गावानं त्याच्या गळ्यात हार घातला. वाट दाखवायला सिताराचा बाप निघाला. नियत शाह गावाचा राखणदार, मारखोरांची, कड्यावरच्या रानबोकडांची, राखण त्याच्याकडे.

"माझी बहीण बोलते का आता तुझ्याशी?" चढताना त्याच्या मेहुण्यानं, दरवेशनं विचारलं.

"चहा ठेवते समोर."

"त्यात विष नाही घालत, हेच खूप. पोटच्या पोराला पोलिसांकडे नेलंस. आणि या गोऱ्याची बंदूक खांद्यावर घेऊन चाललायस."

नियत शाहनं बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेतली. सिताराच्या लग्नात पंगतीला मांस हवं म्हणून तिच्या भावानं, रहमतनं बापाची जुनी बंदूक उचलली होती आणि कड्यावरच्या मोठ्या मारखोरावर एक गोळी झाडली होती. गोळी घरच्याच साच्यात ओतलेली. त्या साच्याला तडा होता, म्हणून प्रत्येक गोळीच्या पोटावर एक रेघ उठायची. बर्फावर रक्त सापडलं, बोकड सापडला नाही. "लागली, बाबा, पण तो उठून गेला," रहमत शपथेवर सांगत राहिला. नियत शाहनं कोर्टात सांगितलं की एवढं रक्त सांडल्यावर जनावर जगत नाही, नदीत पडलं असणार. राखणदाराचा शब्द. त्या शब्दावर रहमतला कैद झाली. बंदूक आणि साचा जप्त झाला. बीबी नूरानं त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं.

"मुश्ताक साहेब," नियत शाह म्हणाला. शिकारी घेऊन येणारा तोच. "तुमची वर ओळख आहे. माझ्या पोराच्या नावापुढचं 'चोर' पुसून द्या. त्यानं पंगतीसाठी गोळी झाडली. हा तर भिंतीवर टांगायला मारतोय."

"हा परवाना काढून मारतोय. तुमचा दवाखाना कुणाच्या पैशातून झाला? आणि नर म्हातारा आहे, असाही मरणारच."

"म्हातारा तर मीही आहे, साहेब," दरवेश म्हणाला. "माझं डोकं कुठल्या भिंतीवर लागेल?"

"हळू! बुजेल तो."

वर कड्याच्या धारेवर नर उभा होता. पिळाची शिंगं, छातीवर पांढरी आयाळ. डावा पुढचा पाय जपून टाकत तो दोन पावलं खाली आला.

"त्या मोठ्याच्याच रक्ताचा दिसतो," नियत शाह पुटपुटला.

गोऱ्यानं एकाच गोळीत पाडला. मांस हराम होऊ नये म्हणून नियत शाहनं धावत जाऊन मानेवर सुरी फिरवली. मुश्ताक साहेबानं टाळ्या वाजवल्या. मग गोऱ्यानं खिशातून कंगवा काढला, मेलेल्या बोकडाची दाढी विंचरली, तोंडावरचं रक्त पुसलं आणि शेजारी बसून फोटो काढून घेतला.

"नवरदेव सजवतोय," दरवेश थुंकला.

शिंगं आणि कातडं पाहुण्याचं, मांस गावाचं. खाली अंगणात बायका पातेली घेऊन उभ्या होत्या. बीबी नूराही होती, भिंतीला टेकून.

मारखोर ही पऱ्यांची गुरं, असं गाव मानतं. पऱ्या जनावर आधी स्वतः खातात, मग हाडं जुळवून ते पुन्हा जिवंत करतात. खाताना एखादी फासळी हरवली तर तिच्या जागी लाकडाची बसवतात आणि मगच ते माणसाच्या हाती देतात. म्हणून दासगाहमध्ये कापणारा पहिल्यांदा फासळ्यांवरून बोटं फिरवतो.

नियत शाहनं बोटं फिरवली. डाव्या खांद्यामागे ती थांबली.

"लागली वाटतं लाकडाची!" एक बाई हसली.

"पऱ्यांना म्हणावं, पुढच्या वेळी मटणही जास्त ठेवा," दुसरी म्हणाली.

त्यानं सुरीचं टोक घातलं. मांस तिथं कधीचं भरून आलं होतं, गाठीसारखं घट्ट. गाठ फोडून त्यानं आतली वस्तू काढली आणि बाहीला पुसली. ती त्यानं उजेडात फिरवून पाहिली. मग उठला, अंगण ओलांडून बायकोपाशी गेला आणि ती तिच्या तळहातावर ठेवली.

शिशाचा तुकडा होता. एका बाजूनं चपटा झालेला. बीबी नूरानं दुसऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. तिथं एक रेघ होती.

"उठून गेला होता," ती म्हणाली.

रहमत शाह गेल्या फेब्रुवारीत तुरुंगात न्यूमोनियानं मेला. ज्या बोकडाला मारलं म्हणून तो तिथं होता, तो बोकड आज दुपारी मेला.