विश्वासदर्शक ठराव

आता नुसतं ‘होय’ ओरडून भागत नव्हतं. बाकावरच्या काचेवर तळहात टेकवला, की सरकारवर मनापासून विश्वास असेल तर काच हिरवी होई, नसेल तर लाल. म्हणून तर सत्ताधारी पक्षाचे प्रतोद वामनराव उगले आठवडाभर एकेका आमदाराचं घर गाठून त्याची समजूत काढत फिरले होते.

अध्यक्षांनी निकाल वाचला. सरकार एका मताने पडलं.

“कोण फुटलं, उगले?” मुख्यमंत्री इंदूताई मागे वळून कडाडल्या.

“बघतो, ताई.”

जागेवरूनच मान वेळावत वामनरावांनी आपल्या पक्षाचा बाक न् बाक धुंडाळला. सगळ्या काचा हिरव्या होत्या. च्यायला, मग कोण? घाम पुसायला त्यांनी हात उचलला.

खालची काच लाल होती.