जिथल्या तिथे

बाईंनी टाळी वाजवली आणि पाचवीचा वर्ग जिथल्या तिथे थांबला.

कुणाचा हात दप्तरात राहिला, कुणाचा केसांत. एकाची जांभई अर्ध्यावर अडली. डोळे मात्र सगळ्यांचे मिटले. याच वर्गानं वर्षाच्या सुरुवातीला खडूंच्या मारामारीत खिडकीची काच फोडली होती. बाई कधी रागावल्या नाहीत. आधी जिभेवर गोळी ठेवून ती चावायची नाही, मग शेजारच्यानं कानात काडी फिरवली तरी हसायचं नाही, मग तळहातावर बर्फाचा खडा धरून गप्प बसायचं, असं त्या एकेक शिकवत गेल्या. "मन वासरासारखं असतं," एवढंच म्हणायच्या, "ओढू नका. हळूहळू येतं ते."

मुख्याध्यापक शिक्षण खात्याच्या साहेबांना घेऊन आत आले. साहेबांना पसंत पडलं तर हा उपक्रम गावातल्या सगळ्या शाळांत जाणार होता.

साहेबांनी टेबलावरचं डस्टर मुद्दाम खाली टाकलं. एकही मान वळली नाही.

"कमाल आहे. आमच्याही घरी एक नमुना आहे, पाठवू का तुमच्याकडे?"

मुख्याध्यापक खुलले. दाराला लागून असलेल्या बाकावरच्या मुलीकडे त्यांनी बोट केलं. "हा आमचा भोंगा, साहेब. शिपाई घंटा द्यायला विसरला तर हिच्यावर भागायचं. आज बघा, चिडीचूप."

बाई हसल्या. सकाळीच त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. "आज माझी लाज राख हं, बाळ."

बाहेर दुसरीची मुलं गलका करत मैदानाकडे निघाली. मुख्याध्यापकांनी दार ओढून घेतलं. ते पुरतं लागेना. "हे एक दार म्हणजे ना," असं पुटपुटत त्यांनी दोन्ही हातांनी कडी ओढली आणि तशीच धरून उभे राहिले.

साहेब खालच्या आवाजात विचारत होते, बाकीच्या शिक्षकांना हे जमेल का. बाई त्याहून हळू सांगत होत्या, "न जमायला काय झालं? आपण आधी शांत व्हायचं. मुलं बघून शिकतात."

"ते बघा," साहेब मध्येच कुजबुजले.

भोंग्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गालावरून हनुवटीवर, तिथून फ्रॉकवर. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

"मोठमोठ्यांना साधत नाही हो हे. किती आत गेलीय पोर." साहेबांनी मोबाइल काढून तिचा फोटो घेतला.

बाईंनाही भरून आलं. त्या डोळे भरून तिच्याकडे पाहत राहिल्या. तिचा उजवा हात मांडीवर होता. डावा हात चौकटीकडे गेला होता आणि बिजागरीच्या फटीपाशी संपला होता.

"दार सोडा."

कुणालाच कळलं नाही. आवाज रोजच्यासारखाच हळू निघाला होता. मग बाई किंचाळल्या.

मुख्याध्यापकांच्या हातून कडी सुटली. फटीतून आधी कागदाचा एक बोळा पडला. टाळी वाजली तेव्हा ती तो फटीत कोंबत होती, आणि हात जिथल्या तिथे ठेवायचा होता. मग बोटं बाहेर आली. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

साहेब ड्रायव्हरला हाका मारत पळाले. मुख्याध्यापक भिंतीला टेकले ते तसेच खाली बसले. "मला दिसलंच नाही हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मला वाटलं दारच अडलंय."

बाईंनी हाताला रुमाल गुंडाळला, मुलीला उचलून छातीशी धरलं. "रड ग. ओरड ना, बाळ. ओरड."

मुलीनं दातांखालचा ओठ सोडला नाही.

बाकीचा वर्ग अजून तसाच बसला होता. तिच्या शेजारणीचे डोळे तेवढे उघडे होते. बाई वळल्या.

"तुला दिसलं होतं?"

"हो बाई. दार ओढलं तेव्हाच. डोळे उघडले मी. चुकलं."

"मग बोलली का नाहीस ग?"

शेजारीण गोंधळली. तिनं मैत्रिणीच्या हाताकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मला वाटलं, बर्फानंतरचं हे आहे," ती म्हणाली. "तिचं झालं की माझी पाळी."