कॅल्गरीची घरगाडी

"पण गिरीशभाऊ, त्या गाडीतल्या संडासाचं पाणी जातं कुठं?" बदरुद्दीनने विचारलं.

रियाधच्या त्या कंपनीतल्या साडेतीनशे माणसांचे पासपोर्ट बदरुद्दीनच्या तिजोरीत असत आणि रजेचे अर्जही त्याच्याच हातून जात. माणूस रत्नागिरीकडचा, मनाने चांगला. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी ख्याती. महिनाभर गिरीश रोज काहीतरी निमित्त काढून त्याच्यासमोर बसत होता आणि रजेत कॅनडात घरगाडीने, म्हणजे मोटरहोमने, फिरण्याबद्दल बोलत होता.

"खाली टाकी असते, बदरुद्दीनभाई. मुक्कामाला पोचलं की रिकामी करायची."

"हां, बरं हाय. माझ्या बायकोनं, शरफुन्निसानं, काल गावावरनं फोनवर विचारलं, तर मला सांगता येईना."

गिरीशने मग आणखी दोन गोष्टी सांगितल्या. शेगडी गॅसची. झोपायला सहा जणांची सोय. कॉलेजचा मित्र यतीन आणि त्याची बायको शिवांगी कॅल्गरीत राहतात, त्यांच्याबरोबर निघायचं. बॅन्फ, कॅमलूप्स, केलोना, मग व्हँकुव्हर. केलोनाला म्हणे झाडावरची चेरी स्वतः तोडून खायची. यातला यतीन तेवढा खरा होता. बाकी सगळं गिरीशने इंटरनेटवरून परीक्षेसारखं पाठ केलं होतं.

खरी गोष्ट वेगळीच होती. चार वर्षं रखडून कॅनडात स्थायिक होण्याचे कागद हातात आले होते. बावीस ऑगस्टच्या आत गिरीश, बायको वासंती आणि मुलगा ध्रुव या तिघांनी तिथे पाऊल ठेवलं नाही, तर ते रद्दी. पुन्हा अर्ज करावा तर गिरीशचं वय आडवं येणार. ध्रुवची बारावी झाली होती आणि इथे त्याला पुढे कॉलेज नव्हतं. त्याच्या फीसाठी ही नोकरी मात्र अजून दोन-तीन वर्षं हवीच होती. तिथे उतरायचं, नोंद करायची, ध्रुवला यतीनकडे सोडायचं आणि गुपचूप कामावर परतायचं, एवढाच बेत. कंपनीला वास लागला असता तर रजा राहिली बाजूला, नोकरी जाऊन हातात कायमचा एक्झिट पडला असता.

"अहो, सांगून टाका ना त्याला खरं," वासंती म्हणाली. "मला तर देवमाणूस वाटतो तो."

"देवमाणूस? ऑफिसचं रेडिओ स्टेशन आहे ते! सकाळी सांगितलं तर दुपारच्या नमाजाला मुदीरसाहेबाच्या कानावर."

"मग किती दिवस त्या गाडीचे टायर मोजत बसणार?"

 गिरीशला रात्र रात्र झोप नव्हती. पासपोर्टवरच्या व्हिसात बारीक अक्षरात 'इमिग्रंट' छापलेलं होतं, आणि बदरुद्दीनने कधीतरी चष्मा लावून ते पान उघडलं, तर सगळंच बाहेर पडलं असतं.

मुदीर, म्हणजे कंपनीचा मॅनेजर, उन्हाळ्यासाठी ताइफला थंड हवेत जाऊन बसला होता. सोळा ऑगस्टच्या बुधवारी तो एक दिवस रियाधला येणार, रजेच्या अर्जांवर सह्या करणार आणि परत जाणार. मग थेट सप्टेंबर. गिरीशची तिकिटं अठराची होती.

बुधवारच्या चार दिवस आधी तो बदरुद्दीनकडे गेला, तेव्हा त्याच्याच डिपार्टमेंटमधला कुमार डोळे पुसत बाहेर पडत होता. रजा नाकारली असणार बिचाऱ्याची, गिरीशला वाटलं. विचारायला त्याला धीर नव्हता. आपलंच काय होईल ही धास्ती.

बदरुद्दीन आज हसला नाही. कागद चाळत म्हणाला, "गिरीशभाऊ, एक विचारू? तुमची तारीख जरा हिकडंतिकडं झाली तर चालंल?"

 याला काहीतरी कळलंय, गिरीशला वाटलं. घाई दाखवली की संपलं. त्याने ओठांवर हसू आणलं.

"चालेल की! फिरायलाच तर जायचंय."

"नक्की ना?"

"अहो, घाई कसली? तुम्हीच या आमच्याबरोबर!"

बदरुद्दीन मोकळेपणाने हसला. गिरीशने बाहेर येऊन जिन्यात कपाळाचा घाम पुसला. संकट टळलं होतं.

घरी वासंतीने बॅगा भरल्या. ध्रुवने "पापा, इट्स फायनल ना?" असं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा गिरीश हो म्हणाला.

बुधवारी मुदीर आला, दोन तास बसला आणि विमानतळाकडे गेला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडल्यावरच गिरीश धावत खाली आला. बदरुद्दीन तिजोरीला कुलूप लावत होता.

"बसा, गिरीशभाऊ. ह्या खेपेला मुदीर म्हणाला, एका डिपार्टमेंटचा एकच माणूस सोडणार. तुमच्यातनं कुमारची सही झाली."

"कुमारची? पण अर्ज माझा आधी होता, भाई!"

"आधी तुमचाच होता. पण शनिवारी त्यो माझ्यापुढं लहान पोरागत रडला." बदरुद्दीनने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "कुणाला बोलू नका. त्याची कॅनडाची कागदं झाल्यात. म्हैनाअखेरच्या आत तिकडं पाय ठेवला नाय तर सगळं फुकट. मुदीरला मी सांगितलं, त्याची आई आजारी हाय. अल्लाह माफ करो, पण एखाद्याच्या पोराबाळांचा जल्म सुधारत असंल तर मी धा वेळा खोटं बोलंन."

त्याने गिरीशच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं काय, भाऊ, डोंगर बघायचे. ते थोडेच पळून चाललेत?"