शिक्षकांची बाजू

'सरकारी शाळा वाचवा' सभेला मोठ्या बाई नाइलाजानेच गेल्या होत्या. पाचवी आणि सहावी एकाच खोलीत बसवून त्यांचा घसा बसला होता, आणि पुढाऱ्यांची भाषणं ऐकून ऐकून कान किटले होते. पण पक्षाचे भाऊ बोलायला उभे राहिले आणि बाई सावरून बसल्या. एकाच फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन वर्ग शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हाल भाऊ असे सांगत होते, जणू रोज मागच्या बाकावर बसून पाहिलेत.

सभा संपल्यावर त्या भाऊंना गाठायला गेल्या. "इतकं आतलं तुम्हाला कसं हो कळलं?"

"भाषणं लिहायला ऑफिसात एक शिक्षकच घेतलेत ना. तुमच्याच शाळेतले सर. शिक्षण खात्याकडून कामगिरीवर मागून घेतले, पगार शाळेचा, काम आमचं."

बाईंना हसावं की रडावं कळेना. सर कामगिरीवर गेलेत एवढंच त्यांना सांगितलं होतं, कुठे ते नाही.

"भाऊ, त्यांना परत पाठवा. त्यांचा वर्ग वर्षभर मीच ओढतेय."

भाऊंनी समजूत घालावी तसा आवाज खाली आणला.



"अहो बाई, सर शाळेत परत गेले, तर शिक्षकांची बाजू मांडायची कोणी?"