बापादेखत

१९३१ सालचं रिठद गाव. बापादेखत आपलं लेकरू उचलणं म्हणजे बेशरमपणा, अशी घरोघरची रीत.

अंगणात शेकोटीला नानाजी अन् त्यांचा लेक जगदेव शेकत बसले होते. जगदेवचं पोर रांगत रांगत थेट विस्तवाकडे निघालं. भाजल्याचा जुना डाग असलेला जगदेवचा हात झटकन पुढे गेला, अन् बापाकडे लक्ष जाताच मांडीवर परत आला. शेवटी नानाजींनीच झडप घालून नातवाला मागे ओढलं.

"हात मोडले होते काय तुहे? काहून नाही उचललं?"

"तुमी समोर होते, बाबा." जगदेवची मान खाली गेली.

नानाजींनी आपली घोंगडी ओढून त्याच्या हातावरचा डाग झाकला.



"तुह्या वक्ती माहा बाप समोर होता."