घट्ट हँडल

ट्रॅक्टरचं हँडल घट्ट लागलं तसा मंगेशचा चेहरा खुलला आणि देवाजीने नजर चुकवली.

"दम हाये जी काकाजी गाडीत," मंगेश म्हणाला. कोंढ्याहून एसटीने आलेला, पंचविशीतला साधा पोरगा. देवाजीचा चौऱ्याहत्तर सालचा ट्रॅक्टर बघायला आलेला हा पहिलाच शेतकरी. त्याच्याआधी फक्त भंगारवाला येऊन गेला होता. गॅस कटर कुठून चालवायचा, त्याच्या खडूच्या रेघा तो बॉनेटवर मारून गेला. देवाजीने त्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या होत्या, आणि त्या दिवशी त्याला घास गेला नव्हता.

दम कसला, इंजिनात धुगधुगीसुद्धा उरली नव्हती. रिंगा झिजल्या होत्या, कॉम्प्रेशन पार बसलं होतं, हँडल एका हाताने गरगर फिरायचं. म्हणून आज सकाळी देवाजीने नोझल काढून दोन्ही सिलिंडरमध्ये चमचा-चमचा तेल सोडलं. तेलाने फट भरते आणि हँडल तासभर घट्ट लागतं. जुन्या मिस्त्र्यांची ही लबाडी. तेवढं पुरलं असतं, पण भ्यालेल्या माणसाला माप राहत नाही. बॉनेटच्या बाजूने वर आलेल्या हवेच्या पाइपाची टोपी काढून त्याने तिथूनही चांगलं पावशेर ओतलं. टोपी परत बसवायचंही त्याला सुचलं नाही. उषाबाई, त्याची बायको, अंगणात पाटावर बसून लाखोरीचे दाणे निवडत होती.

"त्या पोराले सांगाल ना जी?" तिने तेव्हाच विचारलं होतं. देवाजी नोझल आवळत राहिला होता.

मंगेशने आता कॉम्प्रेशनचा खटका उचलून जोरात चार फेरे मारले आणि तो पाडला. इंजिन धडधडलं. मग आवाज चढला. कुणी हात लावला नव्हता तरी चढतच गेला. सायलेन्सरमधून निळा धूर सुटला, बॉनेट थरथरायला लागलं, कोंबड्या कुडाखालून पळाल्या. मंगेशने बंद करायची दांडी ओढली. काही नाही. डिझेलचा कॉक फिरवला. इंजिन आणखीच बोंबललं.

देवाजी काय ते समजला. इंजिनाला डिझेलची गरजच नव्हती. ते पाइपातलं तेल पीत होतं आणि फुटेपर्यंत पीत राहणार होतं. असं सुटलेलं एक इंजिन त्याने आंबागडला पाहिलं होतं. त्याचा लोखंडी तुकडा मातीच्या भिंतीतून आरपार गेला होता.

"मांगं हो रे पोरा," तो ओरडला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. मंगेश पळत नव्हता. दुसऱ्याची गाडी आपल्या हातून बिघडली म्हणून तो इंजिनावर वाकून पान्याने डिझेलची नळी खोलत होता.

हवेचं तोंड दाबलं की इंजिन मरतं, हे देवाजीला पक्कं ठाऊक होतं. पण नेमकं तिथेच धावलो तर का धावलो ते सांगावं लागेल. एक श्वासभर तो नुसता उभा राहिला. त्या एका श्वासाची त्याला लाज वाटली.

मग त्याने उषाबाईखालचा पाट हिसकावला. लाखोरी अंगणभर झाली. पाट पाइपाच्या तोंडावर दाबून तो छातीने त्यावर रेलला. खालून कुणी धरून ओढावा तसा पाट ओढला जात होता. इंजिन खोकललं, दोन हिसके दिले आणि थांबलं.

मंगेश मटकन खाली बसला.

"माफ करजा काकाजी. माह्या हातून बिघडलं. खटका चुकीचा पडला असन," तो म्हणाला. "आता मीच नेतो गाडी. तुमच्या गळ्यात टाकून नाही जात."

देवाजीला दुसरं काय हवं होतं? ट्रॅक्टर कटरखाली जाणार नव्हता, धानाच्या बांधीत जाणार होता. नुसती मान हलवली की झालं. तो पाटाला तसाच बिलगून राहिला. इंजिन सुटलं तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटत होती. उषाबाई मातीतून दाणे वेचत होती, वर पाहत नव्हती.

त्याने पाट बाजूला केला.

"इकडं ये. पाइपात बोट घाल."

"काहून जी?"

"घाल म्हणतो ना."

मंगेशने बोट आत फिरवून बाहेर काढलं. हवेच्या पाइपात तेल असायलाच नको होतं, आणि पन्नास वर्षांच्या इंजिनातून आलं असतं तर ते काळं असतं. त्याच्या बोटावरून ओघळत होतं ते नवंकोरं होतं, पिवळंधमक.