डोर्काची हाक

"ही डुकरीण मी वाढवली!" मैदानात येरझाऱ्या घालत पुंडिया गरजला. डोक्यावरचा स्वर्गपक्ष्याच्या पिसांचा तुरा पावलागणिक डुलत होता. "माझ्या जमिनीवर, माझ्या रताळ्यांवर! असं जनावर या डोंगरात दुसरं असेल तर दाखवा!"

त्याची बायको डोर्का बायकांच्या घोळक्यात झोळी विणत बसली होती. तिने मान वर केली नाही. वाढवली म्हणे! आईवेगळं ते पिल्लू तिने रताळं चावून चावून भरवलं होतं, गारठ्यात कुशीत घेऊन निजली होती. हा गडी तेव्हा गावच्या पुरुषांच्या सामाईक घरात शेकोटीपाशी गप्पा छाटत होता.

पुंडियाच्या भावाच्या ट्रकखाली खालच्या खोऱ्यातला सायमन सापडून मेला होता. त्याची भरपाई म्हणून आज डुकरं खुंट्यांना ओळीने बांधली होती. समोर सायमनचे लोक बसले होते, सुतकाचा चिखल अंगाला फासून. ही मोठी डुकरीण त्यांच्या हाती पडली तरच समेट. नाहीतर उद्यापासून भाले निघणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि नेमकी दोरी सुटली. डुकरिणीच्या पायाला गाठ मारायचं काम एरवी डोर्काचं. आज मान मोठा, म्हणून पुंडियाने ती स्वतः मारली होती. डुकरीण सुरूच्या झाडांतून धूम पळाली आणि उसात घुसली. तुरेवाले सगळे तिच्यामागे धावले. एक जण पाटात उताणा पडला, तशा बायका तोंडावर हात ठेवून हसल्या.

सायमनचा मामा उठला. "चला रे. यांना द्यायचंच नाहीये."

हसू जागच्या जागी विरलं. पुंडिया धापा टाकत डोर्कापुढे येऊन उभा राहिला.

"अगं, हाक मार की तिला!"

"मी? डुकरीण तुझी ना? आत्ताच ऐकलं सगळ्यांनी. तूच मार."

"ही काय वेळ आहे का गं? माणसं मरतील उद्या!"

"तेच म्हणते मी. वेळ घालवू नकोस. कुणाची ते सांग."

"तुझी," तो पुटपुटला.

"तिकडे बोल. मला ठाऊक आहे."

पुंडिया वळला. कपाळावरचा रंग घामाने डोळ्यांत उतरला होता. "डुकरीण डोर्काची आहे!" तो ओरडला. "डोर्काने वाढवली! मी नुसता बोलतो!"

डोर्का उठून उसाकडे गेली. "येऽ मोमो मोमो..."

ऊस हलला. डुकरीण दुडदुडत आली आणि तिच्या गुडघ्याला नाक घासू लागली. आजवर या हाकेने त्या जिवाला कधी फसवलं नव्हतं. हाकेपाठोपाठ रताळं मिळायचं, नाहीतर ऊब. तिने गाठ मारली, पक्की. पुंडियाने दोरीसाठी हात पुढे केला. तो तसाच राहिला.

ती मैदान ओलांडून सरळ सायमनच्या आईपुढे गेली. नोमी सकाळपासून मान खाली घालून बसली होती. एकाही डुकराकडे तिने पाहिलं नव्हतं. डोर्काने दोरी तिच्या हातात दिली.

"आपल्याकडे पोचली की लगेच कापू," मामा म्हणाला.

"तू गप रे," नोमी म्हणाली. मग तिने डोर्काकडे पाहिलं. "हाक कशी मारतेस हिला?"

डोर्काने मारून दाखवली. नोमीनेही मारली. रडून रडून बसलेला आवाज धड फुटेना. डुकरिणीने कानसुद्धा हलवला नाही.

"ओळखेल हळूहळू," डोर्का म्हणाली. "रोज संध्याकाळी मारावी लागेल, ताई."

"मारीन." नोमीने दोरी मनगटाला गुंडाळली. "संध्याकाळ झाली की दारात जाऊन पोराला हाका मारते मी. अजून सवय जात नाही."